नऊ गाठींची दोरी

मे महिना आला की बाकीची माणसं आंब्यांच्या आणि लग्नांच्या गोष्टी करतात. बेंबळीचा समद टेलर आक्रमणाच्या गोष्टी करतो. एसटी थांब्यासमोरच्या त्याच्या दुकानात कुणी सदऱ्याचं माप द्यायला गेलं, तरी छातीवर टेप लावता लावता समदचं सुरू होतं, “संरक्षणाची फिकीर न्हाय. आपली पोरं पळाया लागली की समोरचा दमून जातोय. पण पुढल्या हंगामात आपलं आक्रमण बघा. लिहून ठिवा.”

लिहून कुणी ठेवत नाही. कारण समद हे दरवर्षी म्हणतो.

गावात खो-खोचं मंडळ आहे. जुन्या बारवेशेजारी मैदान, म्हणून नाव बारव क्रीडा मंडळ. समद या मंडळाकडून कधी खेळला नाही. त्याचे पाय वयाच्या बाराव्या वर्षापासून शिलाई मशीनवर आहेत, ते मैदानावर जाणार कधी? पण संघाच्या जर्सी तो शिवतो आणि मैदानाची आखणीही तोच करतो. आखणीसाठी त्याच्याकडे नऊ गाठींची सुती दोरी आहे. तिच्या एका टोकाचा फास पहिल्या पोलात अडकवायचा आणि दोरी ताणायची. आठ गाठींखाली बसणाऱ्या आठ गड्यांचे चौकोन चुन्याच्या फक्कीनं काढायचे आणि नववी गाठ येईल तिथं दुसरा पोल. वीस वर्षं समदनं हे काम दुसऱ्याला करू दिलेलं नाही. त्या दोरीला कुणी हात लावलेला त्याला खपत नाही, मग तो मंडळाचा अध्यक्ष का असेना.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो कापडाच्या फळीवर आठ बटणं एका ओळीत मांडायचा. ही बटणं म्हणजे बसलेले गडी. नववं, पितळेचं बटण म्हणजे पाठलाग करणारा. तो हे पितळेचं बटण बोटानं सरकवत न्यायचा, मध्येच एखाद्या बटणावर टिचकी मारून पुटपुटायचा, “खो!” मग कुणाला पहिल्या चौकोनात बसवावं, कुणाला शेवटच्या, याचा हिशोब चालायचा. बायको नसीमबी आतून ओरडायची, “जी, जाकीट का बटण तो छोडो! पाटलीणबाई आती है लेने कू.” समद ते एक बटण परत द्यायचा आणि त्याच्या जागी चिंचोका ठेवून खेळ पुढं चालू करायचा.

आणि आक्रमणाचं दुखणं खरोखरच मोठं होतं. गावच्या मैदानावर पाठलाग करताना हा संघ समोरच्या तिघांना बघता बघता बाद करायचा. बाहेरगावी गेला की हातात आलेला गडी सुटायचा. खो देताना हात पाठीला लागायच्या आत तोंडातून शब्द जायचा आणि पंचांची शिट्टी वाजायची. पोलवर सूर मारला की हात चार बोटं अलीकडं पडायचा. गेली सहा वर्षं हेच. समदकडं कारणांचा कधी तुटवडा पडला नाही. लोहाऱ्यात ऊन डोळ्यांवर आलं. भूमला मुरूम पायाखाली सरकला. धाराशिवला तर काय, मॅटच होतं. मातीत वाढलेल्या पोरांनी मॅटवर करावं तरी काय?

त्या सगळ्या आक्रमणाचा हुकमी गडी म्हणजे बजरंग. सव्वीस वर्षांचा, काटक, कमी बोलणारा. गावच्या मैदानावर बजरंगनं पोलकडं धाव घेतली की पळणारा बाद झाला असं धरूनच लोक टाळ्या वाजवायचे. एका हातानं पोल धरून दुसरा हात तो असा फेकायचा की पलीकडून वळणाऱ्याच्या पाठीला बोटं लागलीच म्हणून समजा. समदला मूलबाळ नव्हतं. बजरंगच्या त्या सुरावर त्याचा इतका जीव होता की नसीमबी कधी कधी म्हणायची, “अपना नै है जी वो, हिंमतराव का है.”

हिंमतराव म्हणजे बजरंगचे वडील. मंडळाचे अध्यक्ष आणि आपल्या काळचे नावाजलेले खेळाडू. जानेवारीत जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला ते स्वतः धाराशिवला गेले होते. शेवटचं मिनिट, एक गडी बाद केला की विजय. बजरंगला खो मिळाला, पळणारा पोलकडं निघाला, बजरंगनं सूर मारला आणि त्याचा हात पोललासुद्धा लागला नाही. तो छातीवर आपटला आणि सामना गेला. तेव्हा हिंमतराव भर मंडपात उभे राहिले आणि दोन गावांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पोल दिसला की ह्याच्या पोटात गोळा येतोय. आमच्या घरात असला भेकड कुणी निपजला नव्हता.”

समद तिथं होता. त्याला वाटलं, आपण मध्ये पडावं, काहीतरी बोलावं. पण हिंमतरावांपुढं कोण बोलणार? त्या दिवसापासून बाप-लेक एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते आणि बजरंग मैदानावर यायचा बंद झाला होता.

म्हणून यंदाच्या मे महिन्यात समदनं नुसत्या बोलण्यावर न राहता हातानं काहीतरी करायचं ठरवलं. दोष मॅटचा आहे ना? मग मॅटची सवय करू. विकतचं मॅट मंडळाला झेपणारं नव्हतं. त्यानं गावभर फिरून जुन्या ताडपत्र्या गोळा केल्या. त्या दुमडून, आत पोतं घालून, या पोलापासून त्या पोलापर्यंत जाईल अशी एक जाड पट्टी शिवायला घेतली. हंगामाच्या आधी पोरं चार महिने तिच्यावर धावतील, सूर मारतील, मग बघू मॅट काय करतं ते. बजरंगला तर हाताला धरून आणायचं, असं त्यानं मनात पक्कं केलं होतं. मंडळाचे प्रशिक्षक गौरीशंकर सर यांनी नियमाच्या पुस्तकातून पोल ते पोल माप कागदावर उतरवून दिलं. समद अकरा दिवस शिवत होता. जाड ताडपत्रीनं तीन सुया मोडल्या आणि अंगठ्याचं कातडं गेलं, पण गडी खुशीत होता.

बाराव्या दिवशी दुपारी तो पट्टी हातगाड्यावर घालून मैदानावर गेला. उन्हामुळं तिथं चिटपाखरू नव्हतं. त्यानं एक टोक पहिल्या पोलाशी लावलं, पट्टी उलगडत उलगडत दुसऱ्या पोलापाशी आला आणि थांबला. पट्टी पोलाच्या पुढं दोन फूट उरली होती.

आधी त्याला स्वतःचा राग आला. बेचाळीस वर्षं शिलाई केली, कुणाचा सदरा बोटभर आखूड झाला नाही आणि इथं दोन फुटांची चूक? त्यानं खिशातून कागद काढला, टेप काढली आणि गुडघ्यावर सरकत सरकत पट्टी मोजली. पट्टी बरोबर होती. मग त्यानं मैदान मोजलं. दोनदा मोजलं. मैदान दोन फूट कमी होतं.

तो पोलाच्या एवढ्याशा सावलीत बसला. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. सहा वर्षांपूर्वी शाळेची नवी भिंत आली, तेव्हा मैदान सरकवून नव्यानं आखावं लागलं होतं, पोल उपटून नव्यानं रोवावे लागले होते. जुनी दोरी कुजत आली होती, म्हणून समदनंच नवी केली. जुनी आणि नवी शेजारी शेजारी ताणली, जुन्या गाठीसमोर नवीवर खडूनं खूण केली आणि मग खुणेखुणेवर गाठी मारल्या. गाठ मारली की ती दोरी खाते. प्रत्येक गाठीनं चार बोटं दोरी खाल्ली होती. नऊ गाठी.

शिकाऊ पोरगंसुद्धा कापड कापताना शिलाईचा दाब, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, सोडतं. समदनं दोरीला दाब सोडला नव्हता.

सहा वर्षं त्याची पोरं आखूड मैदानावर घडली होती. पावलं त्या मापाची, हात त्या मापाचा, खो त्या मापाचा. बाहेर गेली की खरं मैदान त्यांना चार बोटं लांब पडत होतं. ऊन नव्हतं, मुरूम नव्हता, मॅटही नव्हतं. ज्या आक्रमणासाठी आपण गावाचे कान किटवले, ते आपल्याच हातानं अधू झालं होतं.

मग माणसाच्या मनात जे येतं ते त्याच्याही मनात आलं. कुणाला काय कळणार आहे? पोल उपटायचा, दोन फूट पुढं रोवायचा, चौकोन नव्यानं आखायचे. चार महिन्यांत पोरांची पावलं आपोआप बसतील. पुढल्या हंगामात आक्रमण असं चालेल की जिल्हा तोंडात बोट घालेल आणि लोक म्हणतील, समदच्या पट्टीनं कमाल केली. तो उठला, बारवेजवळच्या खोलीतून पहार आणली आणि पोलाच्या बुडाशी खणायलाही लागला. वीतभर खड्डा झाला. पण माती उन्हानं दगडासारखी झाली होती. उद्या सकाळी लवकर येऊ, असं म्हणून त्यानं माती परत लोटली, पट्टी गुंडाळली आणि तो दुकानात आला.

संध्याकाळी बजरंग आला. त्याच्या हातात घडी घातलेली जर्सी होती. ती त्यानं फळीवर ठेवली आणि बटणांच्या ओळीकडं बघितलंसुद्धा नाही.

“चाचा, ही नऊ नंबरची. आता ज्याला द्याची त्याच्या मापानं आत घ्या.”

“आन् तू?”

“सोमवारी चाकणला चाललो. कंपनीत जमलंय.”

“पुढला हंगाम हाय की रे. औंदा म्या पट्टी…”

“चाचा, ऱ्हाऊ द्या.” बजरंग खाली बघून बोलत होता. “म्या लई इचार केला. हितं मारतो तीच उडी म्या तितं मारतो. तीच पावलं, त्योच हात. तरी हात पोचत न्हाय. म्हंजी माझ्या आतच कायतरी खोट हाय. बाबा म्हणत्यात त्ये खरं हाय. आता कशाला संघाचं वाटोळं करू?”

समदनं जर्सी हातात घेतली. ही त्यानंच शिवलेली. खांद्यावर दुहेरी टीप घातलेली, कारण बजरंग सूर मारताना उजवा खांदा आधी फाटायचा. कैची समोरच होती. आता गप्प बसलो तर हा पोरगा सोमवारी जाईल. तिकडं एखाद्या मशीनवर उभा राहील, लग्न करील, म्हातारा होईल आणि मरेपर्यंत स्वतःला भेकड समजेल. संघ जिंकेलही. पण याचं काय?

“बजरंग,” तो म्हणाला आणि त्यानं कैची बाजूला सारली. “खोट तुझ्यात न्हाय बाळा. माझ्या दोरीत हाय.”

बजरंगला काही उमगेना. मग समदनं त्याला मैदानावर नेलं. पट्टी पुन्हा पसरली, टेप त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, “तू मोज.” बजरंगनं मोजलं. शेवटच्या चौकोनापासून पोलापर्यंत तो चालत गेला, परत आला, पुन्हा चालत गेला. मग त्याची नजर पोलाच्या बुडाशी उकरलेल्या मातीवर गेली.

“हे काय?”

समदला खोटं बोलता आलं असतं. “दुपारी खणत व्हतो,” तो म्हणाला. “कुणाला न सांगता पोल सरकवणार व्हतो.”

बजरंग ओरडला असता, दोन शब्द बोलला असता, तर समदला बरं वाटलं असतं. पण तो तिथंच मातीत बसला आणि कितीतरी वेळ दोन्ही तळहातांकडं बघत राहिला.

“सहा वरसं, चाचा,” तो शेवटी म्हणाला. “सहा वरसं म्या रोज झोपताना मलाच शिव्या दिल्या.”

समदच्या डोळ्यांतून पाणी आलं. माफ कर असं म्हणायला तोंड उघडलं, पण त्याला तो शब्द फार लहान वाटला.

“बाबांना सांगा,” बजरंग उठत म्हणाला. “म्या सांगितलं तर त्यांना निमित्त वाटंल. तुमी सांगा, आत्ताच्या आत्ता.”

हिंमतरावांच्या घरापर्यंत दोनशे पावलंसुद्धा नाहीत, पण समदला ती वाट सरता सरेना. हिंमतरावांची जीभ त्याला ठाऊक होती. गावात वीस वर्षं जी काय इज्जत होती ती त्या आखणीवर होती. समदचं माप म्हणजे माप, असं लोक म्हणायचे. आता चावडीवर काय म्हणतील, हे त्याला चालता चालताच ऐकू येत होतं.

हिंमतराव अंगणात बाजेवर बसले होते. समद आणि त्याच्या मागं बजरंग, असे दोघं एकत्र आलेले बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. बजरंग दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. समदनं बसायला नकार दिला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. दोरी, खुणा, गाठी, दोन फूट. दुपारी पोल सरकवायला गेलो तेही सांगितलं.

“तुमच्या पोराचा हात कधीच अलीकडं पडला न्हाय, अण्णा,” तो म्हणाला. “म्या पोलच अलीकडं रोवला व्हता.”

हिंमतरावांनी हात पुढं केला. “दोरी दे.”

समदनं पिशवीतून दोरी काढून दिली. हिंमतरावांनी पहिली गाठ नखांनी सोडवायला घेतली. सहा वर्षांच्या पाण्यानं आणि फक्कीनं ती दगडासारखी बसली होती. त्यांनी दात लावले. गाठ सुटली, तेव्हा तिच्यातून सुटलेल्या दोरीवर त्यांनी आपली चार बोटं ठेवून बघितली. मग दुसरी गाठ घेतली, मग तिसरी. आतून बजरंगची आई द्वारकाबाई चहा घेऊन आल्या, नवऱ्याकडं बघितलं आणि कप तसेच हातात धरून उभ्या राहिल्या. एकेक करत नऊच्या नऊ गाठी सुटल्या.

“समद,” हिंमतराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला समदनं कधी ऐकला नव्हता. “तुजं माप चुकलं. माजं तोंड चुकलं. तुजं टेप लावून सुधरतंय. माजं त्ये दोन गावांनी ऐकलंय, त्याला म्या काय करू?”

ते समदशी बोलत होते, पण बघत दाराकडं होते. बजरंग वळून आत निघून गेला. हिंमतरावांनी मान खाली घातली आणि सुटलेली दोरी हाताभोवती गुंडाळत बसले. द्वारकाबाईंनी समदच्या हातात कप दिला, “घ्या भावजी,” म्हणाल्या. समदला वाटलं होतं, आज या घरात शिव्या खाव्या लागतील. तो गरम चहा घशाखाली उतरवणं त्याहून अवघड गेलं.

तो निघाला. फाटकाबाहेर दहा-बारा पावलं गेला असेल, तोच मागून हाक आली.

“चाचा.”

बजरंग पाठोपाठ आला होता. तोंडावर पाणी मारल्यासारखं दिसत होतं, डोळे लाल होते. तो रस्त्याकडं बघत म्हणाला, “पोल नव्यानं कवा रोवायचा?”

समद मागं वळला. “तू म्हणशील तवा. म्या गौरीशंकर सरांना आत्ता जाऊन सांगतो. आखणी आता दुसऱ्या कुणाला तरी…”

“आखणी तुमीच करा.”

“म्या?”

“मग कोण करणार? गावात दुसऱ्या कुणाला येती?” सोमवारच्या चाकणबद्दल बजरंग काही बोलला नाही आणि समदचं विचारायचं धाडस झालं नाही. “पण चाचा, दुसरं टोक म्या धरणार. दर टायमाला.”

वीस वर्षांत समदच्या मापावर कुणी नजर ठेवली नव्हती. अगदी काल कुणी हे म्हटलं असतं, तर त्यानं दोरी तोंडावर फेकून मारली असती.

“धर बाळा,” तो म्हणाला. “घट्ट धर.”